शेंगेन व्हिसा आणि आमच्या बँकेचा शिक्का

शेंगेन व्हिसा म्हणजे स्वित्झर्लंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. पुण्यातल्या व्हिसा केंद्रात आमचं काम झटक्यात झालं. बोटांचे ठसे, फोटो, कागद जमा, बाहेर. व्हिसा पुण्यात अडतो असं ज्यांना वाटतं त्यांना सांगतो, आमचा अडला तो कोल्हापुरात, घरापासून चालत जायच्या अंतरावरच्या बँकेत.

स्वित्झर्लंडच्या कागदांच्या यादीत एक ओळ होती: खात्याचं स्टेटमेंट बँकेच्या सही-शिक्क्यानिशी. माझं राजारामपुरीत झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. क्यूआर कोड लावल्यापासून दोन रुपयांची झेरॉक्ससुद्धा चालू खात्यात येते, त्यामुळे स्टेटमेंट निघालं ते गठ्ठाभर. काउंटरवरच्या साहेबांनी हातसुद्धा लावला नाही. "ह्याला सही कशाला? खाली छापलंय की, कॉम्प्युटरवरनं काढलंय, सही लागत नाही."

म्हटलं, साहेब, तुम्हाला लागत नसेल, त्यांना लागते.

"मग त्यांनाच विचारा की."

पुढच्या खेपेला मॅनेजर रजेवर. मॅनेजर आले, तर शिक्का ज्यांच्या कपाटात त्या मॅडम ट्रेनिंगला सांगलीला. मग "पहिल्या आणि शेवटच्या पानावर मारतो, चालतंय." कुणाला चालतंय? नकार आला तर व्हिसा फी परत मिळत नाही. मोठ्या माणसाला ९० युरो, वर केंद्राचा चार्ज वेगळा, आणि आम्ही दोघं.

शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहिला: प्रत्येक पानावर सही-शिक्का मिळावा, देता येत नसेल तर तसं लेखी द्यावं. दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. पोच म्हटल्याबरोबर कपाट उघडलं. मी पानं उलटत होतो, शिपाईमामा शिक्का मारत होते, मॅनेजर मान खाली घालून सह्या करत होते. मध्येच पॅड वाळलं. नवं पॅड माझ्याच दुकानातनं आणलं. पैसे घेतले नाहीत, पण चार लोकांत ऐकवलं.

तेव्हा बँकेच्या मागे आधी लागा, पण फार आधीही नको, स्टेटमेंट ताजं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. त्या पंधरा दिवसांवर विसंबून राहू नका. दोन-तीन देश फिरणार असाल तर जिथं जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखाच असेल तर जिथं आधी उतरणार तिथं. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्टची मुदत तिथनं निघायच्या तारखेपुढं तीन महिने हवी, दोन पानं कोरी हवीत.

हो, आणि फोटो. पासपोर्ट साईज म्हटलं की फोटोवाला सवयीनं निळा पडदा ओढतो. ३५ बाय ४५ मिलिमीटर आणि मागं पांढरं, हे कॅमेरा उचलायच्या आधी सांगा.