फुलांचा वॉलपेपर आणि कुडाची भिंत

इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं हे घर घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं होतं. बुटकं छत, लाकडी तुळया, फुलाफुलांचे पडदे, शेकोटीजवळ उंच पाठीचं बाकडं, फडताळात निळ्या-पांढऱ्या बश्या. इप्सविचच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असताना मी वर्षानुवर्षं असल्या फोटोंची कात्रणं जमवली होती. घर सतराव्या शतकातलं, खाली तीन खोल्या, वर दोन. ताबा मिळाला त्याच आठवड्यात मी वॉलपेपर मागवला. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस याचा 'विलो बाऊ', १८८७ सालचा नमुना, भिंतभर विलोची हिरवी पानं. नवऱ्याने आणि मी दोन शनिवार-रविवार खपून तो बैठकीच्या खोलीत लावला आणि आईला व्हिडिओ कॉल करून मिरवलाही.

डिसेंबरात तो सुटला. आधी जोडावर फुगवटा आला, मग एके सकाळी खालचा कोपरा चटईसारखा गुंडाळून पडलेला. मागे काळी बुरशी, आणि तिच्या कडेने भिंतीतून फुटलेल्या क्षारांची पांढरी पूड.

ओल घालवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. त्याने भिंतीला मीटर लावला, मीटर केकाटला. म्हणाला, भिंतीत ओळीने भोकं पाडून रसायन भरू आणि वरून सिमेंटचा गिलावा करू, ओल गेलीच म्हणून समजा. मी आगाऊ रक्कम भरणारच होते. शेजारच्या आजींनी सहज विचारलं, "परवानगी काढलीत ना?"

आमचं घर ग्रेड २ लिस्टेड, म्हणजे जुनी वास्तू म्हणून सरकारी संरक्षित यादीतलं. हे विकत घेतानाच कळलं होतं, पण मला वाटायचं की ते बाहेरून दिसणाऱ्या रूपापुरतं असेल. तसं नसतं. आतला जिना, तुळया, जुना गिलावा, सगळं त्यात येतं, आणि घराचं जुनेपण बिघडवणारे बदल परवानगीशिवाय केले तर १९९०च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा होतो. अर्जाला फी नाही, ही एक बरी गोष्ट. मुदत आठ आठवड्यांची असते. आमचे चौदा गेले, कारण पहिल्या खेपेला माझी रेखाचित्रं परत आली.

मधल्या काळात जुन्या घरांची पाहणी करणारा एक जण बोलावला. त्याने मीटर बाहेरच काढला नाही. आधी घराभोवती चक्कर मारली आणि मागच्या भिंतीपाशी उकिडवा बसला. फुलांचे वाफे करता करता आधीच्या मालकांनी तिथली माती आतल्या जमिनीपेक्षा जवळजवळ फूटभर वर चढवली होती. मग आत येऊन त्याने भिंतीवर टकटक केलं. जिप्समचं प्लास्टर, त्यावर व्हिनाइल रंगाचे थरावर थर, त्यावर माझा वॉलपेपर. "घराला रेनकोट घातलाय तुम्ही," तो म्हणाला, "आणि वर विचारताय घाम का येतो." जुन्या घरांच्या भिंती ओल शोषतात आणि हवा लागली की सोडून देतात. सोडायची वाटच बुजवली तर ती आतच मुरते आणि लाकूड कुजवते.

गंमत अशी की मी ज्याचा वॉलपेपर चिकटवला त्या मॉरिसनेच १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. जीर्णोद्धाराच्या नावाखाली लोक जुना गिलावा खरवडून टाकत, त्याचा त्याला संताप. संस्थेचं टोपणनावच पडलं 'अँटी-स्क्रेप'. दुरुस्ती करा, पालटून नवं रूप देऊ नका, हे त्यांचं म्हणणं. आणि मी सुशोभनापासून सुरुवात केलेली.

परवानगी आल्यावर जिप्सम काढायला घेतलं. एका कोपऱ्यात पोपडा अख्खाच्या अख्खा निघाला आणि आत जे दिसलं ते बघून मी छिन्नी खाली ठेवली. हेझेल नावाच्या झाडाच्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठ्या, उभ्या-आडव्या विणलेल्या, आणि त्यांवर थापलेली माती. मातीत गवताच्या काड्या, आणि एका जागी चार बोटं ओढल्याची खूण. शेणमातीचा तो रंग मी ओळखत होते. राजापूरजवळ आमच्या आजोळी पडवीची भिंत अशीच होती, फक्त काठ्या कारवीच्या. मी फोन लावला. आईने पडद्यात डोळे घालून पाहिलं. "अगं, हा तर कूड! एवढे पैसे ओतून कुडाचं घर घेतलंत?"

घेतलं खरं.

चुन्याचा गिलावा करणारा कारागीर साठीच्या पुढचा होता. आपल्याकडे वाड्यांसाठी घाणीवर चुना मळत, त्याची मला ऐकीव माहिती. इथे तो महिनोन्‌महिने मुरवलेला, लोण्यासारखा मऊ, डब्यातून येतो. त्यात वाळू आणि तडे जाऊ नयेत म्हणून बकरीचे केस. तीन हात द्यायचे आणि मध्ये थांबायचं. हे थांबणंच मला जड गेलं. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगडाच्या वळणावर जातो, तेही महिन्याला साधारण एक मिलिमीटर. घाईने वाळला तर भुगा होतो. म्हणून ओल्या गोणपाटाचे पडदे टांगून त्यांवर दिवसातून दोनदा पाणी मारायचं. पाच अंशांखाली थंडी गेली की कामच बंद. सहा आठवडे आमच्या बैठकीच्या खोलीत फुलांच्या पडद्यांऐवजी गोणपाट लोंबत होतं.

वरून सफेदीचे पाच हात मी स्वतः दिले. हे काम मात्र मनापासून आवडलं. सफेदी दुधासारखी पातळ. लावली की काहीच दिसत नाही, उलट भिंत जास्तच मळकट वाटते. पहिल्या दिवशी मी फसले म्हणून कपाळावर हात मारला. तासाभराने चहा घेऊन आले तर भिंत आपली आपण पांढरी होत होती, कडांकडून आत. शेवटच्या दोन हातांत चिमूटभर पिवळी माती मिसळली. व्हिनाइल रंगाचा सपाटपणा तिच्यात नाही. संध्याकाळच्या दिव्यात ती सायीसारखी दिसते.

तुळया काळ्याकुट्ट होत्या. तेच अस्सल, असं मला वाटायचं. कौन्सिलच्या अधिकारीणबाईंनी सांगितलं, काळा रंग बहुतेक व्हिक्टोरियन काळातली आणि नंतरची हौस, या भागात मूळ लाकूड एक तर करडं ठेवत नाही तर चुन्याने पोतारत. वाळूचा मारा करून रंग उडवायला मनाई. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून आधी तपासणी. दोन तुळया लेप लावून साफ केल्या आणि मान धरली, बाकीच्या अजून काळ्याच आहेत.

सामानाचं पटकन सांगते. जुनं लाकडी फर्निचर इथे लिलावात स्वस्त पडतं, कारण आजकाल ते कुणाला नको असतं. ओकचं घडीचं टेबल आणि एल्मच्या बैठकीच्या दोन विंडसर खुर्च्या तिथेच मिळाल्या. कपाट आणलं ते वळणाच्या जिन्यात अडकलं, परत गेलं. उंच पाठीचं बाकडं मी शोभेसाठी घेतलं होतं, जानेवारीत त्यावर बसले तेव्हा कळलं की दाराच्या फटीतून येणारं वारं मानेला लागू नये म्हणून ती पाठ असते. दारावरचा जाड पडदाही त्याचसाठी. फोडणीच्या धुरासाठी एक्झॉस्ट फॅन हवा होता, त्याच्या एका भोकालाही अर्ज करावा लागला. लाकडं ठेवायला पितळी बादल्या मिळतात, पण मी आजीचं घंगाळ विमानाने आणलं. येणारे-जाणारे ते इथलंच जुनं समजतात, आणि मी गैरसमज दूर करत नाही.

पडद्याचं कापड मात्र चिंट्झच घेतलं, म्हणजे फुलाफुलांचं छापील सुती कापड, खिडकीतल्या कट्ट्याच्या गादीलाही तेच. आई बघून म्हणाली, "ही तर चीट, गोधडीला लावायचो आम्ही." शब्दसुद्धा तोच, हिंदुस्थानातून कापडाबरोबर इथे आलेला. या फुलांनी इंग्रजांना एवढं वेड लावलं होतं की आपले विणकर बुडतील या भीतीने १७०० आणि १७२१ मध्ये पार्लमेंटने कायदे करून असलं कापड अडवलं. ती बंदी १७७४ मध्ये उठली. म्हणजे माझ्या कात्रणांतल्या चित्रातली सगळ्यात इंग्रजी वाटणारी वस्तू एके काळी इथे चोरून वापरावी लागायची.

विलो बाऊचे तीन रोल अजून माळ्यावर आहेत. गिलावा पुरता मुरल्याशिवाय कागद लावायचा नाही, अशी कारागिराची ताकीद आहे, आणि तोवर ती सायीची भिंत झाकायची मला इच्छा राहील की नाही कोण जाणे. जिन्याखालचा कोपरा उघडाच ठेवलाय, बोटांची खूण आहे तो. नवरा म्हणतो काच बसवू. त्यालाही परवानगी लागेल का, हे विचारायला मी कालच ईमेल टाकलाय.