कुंडीतला वाफसा

मागच्या पावसाळ्यात माझी पीस लिली मेली. म्हणजे मेल्यातच जमा होती. हॉलमध्ये टीव्हीशेजारी पांढऱ्या चिनीमातीच्या कुंडीत ठेवलेली, पानांनी माना टाकल्या म्हणून मी पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी अजून टाकल्या म्हणून अजून घातलं, असं करत करत आठवड्याभरात खालची पानं पिवळीजर्द. लातूरमध्ये राहून झाडाला पाणी जास्त झालं म्हणायची पण लाज वाटते हो, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे आमचं गाव, अजूनही नळ आला की घरातली तपेलीसुद्धा भरून ठेवायची सवय जात नाही.

त्यात गावाकडून दादा आले, म्हणजे माझे वडील. चपला काढल्या, पाणी प्यायले आणि सरळ कुंडीत बोट खुपसलं. "काय करलालीस गं हे? वापसाच न्हाई की ह्याला. जीव गुदमरलाय त्याचा."

वाफसा शेतकऱ्याच्या घरात वेगळा समजवावा लागत नाही. पाऊस उघडला की लगेच कुणी पेरणीची तिफण धरत नाही, मूठभर माती हातात दाबायची, लाडू व्हायला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारली की फुटायला पण पाहिजे. म्हणजे ओल आहे आणि मोकळी जागा पण आहे, जिथं हवा बसलीय. चांगल्या मातीत साधारण निम्मी माती, पाव भाग पाणी आणि पाव भाग हवा असं पुस्तकात असतं ते हेच. मी हे सगळं लहानपणापासून ऐकलंय आणि तरी घरातल्या कुंडीलाही तोच नियम लागतो हे कधी डोक्यात आलंच नाही!

मुळं पण श्वास घेतात. पानं अन्न करतात पण मुळांना ते अन्न वापरायला ऑक्सिजन लागतो, तो नसला की त्यांच्यात पाणी ओढायची ताकद राहत नाही. म्हणून तर पाण्यात बुडालेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं आणि आपण फसतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण 10,000 पट हळू सरकतो, म्हणजे मातीतली सगळी भोकं पाण्यानं भरली की मुळांपर्यंत वरून जवळजवळ काहीच पोचत नाही. पाणी साचून चिबडलेल्या रानात सोयाबीन पिवळं पडतं ते ह्यामुळंच.

मग आम्ही न्हाणीघरात पेपर पसरून ऑपरेशन केलं. कुंडी उलटी केली तर गटारासारखा भपकारा. मुळं पांढरी पाहिजेत, ही तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा राहिला. कुंडीला खाली भोकच नव्हतं. आणि माती? शेतातली काळी, मीच हौसेनं अर्धं पोतं आणलेली. शेतात ही माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा, वर कोळपणी असते, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरच्यावर मोकळी करणं, गांडुळं असतात. कुंडीत ह्यातलं काहीच नाही. ओली झाली की फुगून बंद होते, वाळली की कडेनं सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली, मधला गोळा कोरडाच.

तळाशी खडी घातली होती ना, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. घातली होती की! पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजासहजी उतरत नाही, आधी वरची माती गच्च भरावी लागते, म्हणजे खडीनं चिखलाचा थर उलट मुळांजवळ वर सरकतो. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबलं की उभा करा, परत पाणी गळतं, कारण गच्च ओला थर तळाशी तेवढ्याच उंचीचा उरतो आणि वरचं मोकळं होतं. म्हणून पसरट कुंडीपेक्षा उभट कुंडीत वरच्या मुळांना जास्त हवा मिळते. मला तरी स्पंज बघितल्यावरच पटलं.

आता माझं मिश्रण: कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, गांडूळखत आणि विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, अंदाजानं सारखेच. परलाईट, म्हणजे ते पांढरे हलके खडे, मिळालं तर उत्तम पण विटा फुकट आहेत. तुकडे चाळून घ्यायचे, खालचा भुगा फेकायचा, कारण तोच भोकं बुजवतो. बारीक वाळू पण नको त्याच कारणानं. सडलेली मुळं कात्रीनं कापली आणि जेवढी उरली तेवढीच मावतील अशी छोटी मातीची कुंडी घेतली, मोठ्या कुंडीत नुसती ओली माती बसून राहते. शोभेची पांढरी कुंडी बाहेरून आहेच, पण पाणी घातलं की अर्ध्या तासानं आतली उचलून खाली साचलेलं ओतून द्यायचं. ओल बघायला विझलेल्या उदबत्तीची काडी खोल खुपसते, माती चिकटून आली तर पाणी नाही. आणि पंधरा दिवसांनी काट्याचमच्यानं वरचा पापुद्रा हलकेच मोडते. दादा त्याला कोळपणी म्हणून हसतात.

हो, बाटलीतला मनी प्लांट कसा जगतो मग, हे मला पण विचारलं गेलंय. त्याची मुळं फुटलीच पाण्यात, म्हणून ती तशी घडलेली असतात, शिवाय पाणी उघडं असतं, आठवड्याला बदललं की त्यात ताजी हवा येते. मातीतलं झाड अचानक चिखलात उभं केलं तर तसं होत नाही.

लिलीला आता चार नवी पानं आलीत, फूल अजून नाही. सासूबाईंची पिठाची चाळणी मात्र विटा चाळून वाकडी झाली, ती मी अजून माळ्यावर लपवून ठेवलीय.