मामाच्या वाड्याखालची माती

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

नखांतली माती अजून निघालेली नाही.

पुण्याच्या कसबा पेठेतला मामाचा वाडा गेल्या महिन्यात उतरवला. आज पायाचा खड्डा बघायला गेले. मामाला वाटलं, भाची पेढे घेऊन आली. भाचीच्या पर्समध्ये खुरपी आणि टेप. पुरातत्त्वात एम.ए. केलं की ही खोड जन्माची लागते.

पोकलेनवाला जेवायला गेला होता. तेवढ्यात पूर्वेची कड खुरपीने तासून घेतली. वर काँक्रीट, त्याखाली विटांचा चुरा, मग बोटभर तुळतुळीत गाळ. शेजारचे आजोबा गॅलरीतून म्हणाले, "पानशेतचा तो." १२ जुलै १९६१चा पूर. असेलही. त्याखाली राख, जोत्याचे दगड, पुन्हा राख आणि तळाला भुरकट पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची माती, खापरं डोकावणारी.

पण सलग काही म्हणून नाही. मध्येच संडासाची टाकी, बुजवलेला आड, आडवा गेलेला ड्रेनेजचा पाइप. टाकी खणणाऱ्याने खालची माती वर आणलेली, उरलेली उंदरांनी. गावाबाहेरच्या पांढरीवर खणायची जागा आपण ठरवतो. इथे ती बिल्डर ठरवतो, आणि किती खोल जायचं ते शेजारची भिंत. डेक्कन कॉलेजची मंडळी याच कसब्यात खणून सातवाहनकाळापर्यंत पोचली, याचं आज जास्तच कौतुक वाटलं. पुण्याचा उल्लेख असलेले राष्ट्रकूटांचे ताम्रपट ७५८ आणि ७६८चे. माती त्यांच्याही मागे जाते.

मामा खाली डोकावून म्हणाला, "काही सापडलं तर कुठे बोलू नकोस हं. काम अडकलं तर भाडं कोण भरणार, तू?"

रागावता येईना. शनिवारवाड्यापासून शंभर मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही, आणि तिथले मामाचे मित्र गळक्या छपराखाली दिवस काढताहेत. मामाचा वाडा त्या हद्दीबाहेर आहे, पण धसका सगळ्या पेठेने घेतलाय.

इंग्लंडमध्ये १९९०पासून बिल्डरनेच उत्खननाचा खर्च उचलायचा, अशी रीत पडली. लंडनच्या ऐन बँकांच्या वस्तीत, ब्लूमबर्गच्या इमारतीआधी असंच खणलं आणि ४०५ रोमन लाकडी पाट्या निघाल्या. वॉलब्रुक नावाच्या गाडल्या गेलेल्या ओढ्याच्या ओल्या चिखलात हवा पोचली नाही, म्हणून लाकूड टिकलं. एक पाटी ८ जानेवारी, इ.स. ५७ची: टिबुलस नावाचा माणूस ग्रेटस नावाच्या दुसऱ्याचे १०५ दिनार (रोमन चांदीची नाणी) देणं लागतो, घेतलेल्या मालाचे. चक्क उधारीची चिठ्ठी! आपल्याकडेही नागझरी होती की. तिचं आपण गटार केलं. तिच्या काठच्या चिखलात काय असेल, कुणी बघितलंय?

आपल्याकडे अशी सक्ती नाही. म्हणून मी, खुरपी आणि जेवणाची सुट्टी.

थरांच्या रेघा सिमेंटच्या बिलामागे काढल्या. कुठला थर किती खोल ते लिहायला घेतलं आणि पोकलेन सुरू झालं. घाईत एक खापर पर्समध्ये टाकलं. आता ते ओट्यावर आहे, धुतलेलं, काळं-तांबडं, सुंदर. कुठल्या राखेतलं, वरच्या की खालच्या, तेवढंच लिहायचं राहिलं. थर माहीत नसेल तर खापर नुसतंच सुंदर. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही मी यावरून झापलं असतं.

सकाळी सातला पीसीसी, म्हणजे पायातलं साधं काँक्रीट, ओतणार आहेत. पूर्वेची कड अजून उभी आहे. सहाला पोचले तर तासभर मिळेल, पण गेटची किल्ली मामाकडे.