काट्यावरचा १६९.२५४

दिवाळीची सहा दिवसांची सुट्टी संपून प्लांट सुरू व्हायचा पहिला दिवस होता, सकाळी पावणेसातला गेटवरून फोन. "सायेब, काटा बंद हाय. आठ गाड्या उभ्या हायत बाहेर." काटा म्हणजे वजनकाटा. आमची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे, तिथलं नेटवर्क मी बघतो. स्क्रॅपच्या गाड्या काट्यावर वजन करून, ईआरपीत (कंपनीच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्री करून मगच आत येतात. काटा स्वतः चालू होता, आकडे दिसत होते, पण शेजारचा पीसी ईआरपीला जात नव्हता. मी म्हटलं, अण्णा, आयपी काय दाखवतोय तेवढा वाचा. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला, एक सहा नऊ, टिंब, दोन पाच चार... पुढचं मी ऐकलंच नाही, गाडीची किल्ली घेतली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पीसीचा पत्ता, आणि १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी कुणी दिलेला नसतो. पीसीने आयपी मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजने स्वतःच स्वतःला एक नंबर लावून घेतला. म्हणजे केबल लागलेली आहे, पोर्ट चालू आहे, फक्त डीएचसीपीचं, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सर्व्हिसचं, उत्तर येत नाही. एका पीसीचं असेल तर किरकोळ काम. पण मी पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत स्टोअर, पॅटर्न शॉप आणि लॅब असे तिघांचे फोन येऊन गेले होते. लॅबचा फोन ऐकून जास्त टेन्शन आलं, कारण भट्टी लागली की धातूचं सॅम्पल लॅबमध्ये स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर) तपासतात आणि कार्बन-सिलिकॉनचा रिझल्ट भट्टीजवळच्या स्क्रीनवर जातो. रिझल्ट मिळेपर्यंत धातू भट्टीतच धरून ठेवावा लागतो आणि तितका वेळ वीज जळत राहते. त्या दिवशी लॅबचा पोरगा चिठ्ठीवर आकडे लिहून पळत भट्टीपर्यंत नेत होता. त्याच्यामुळे पहिली हीट (भट्टीतला पहिला वितळलेला धातू) वेळेत ओतली गेली, हे इथे लिहून ठेवतो कारण दुसरं कुणी त्याचं नाव काढलं नाही.

आत गेल्यावर जे दिसलं त्याने डोकं चालेना. निम्म्याच्या वर पीसी १६९ वर, पण बाकीचे व्यवस्थित. अकाउंट्समध्ये एकाच टेबलावर दोन पीसी, एकाच स्विचला, एकाच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात), एक चालतोय, एक नाही. सीसीटीव्ही सगळा चालू. वायफाय चालू, लोक मोबाईलवर दिवाळीचे फोटो बघत बसलेले. एएमसीवाल्या, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार असलेल्या, इंजिनियरला फोन केला तर त्याने समोरच्याचं पूर्ण ऐकून न घेता "दादा, सर्व्हर रिस्टार्ट मारून बघा" सांगितलं. प्लांट हेड साहेबांनीही तेच सांगितलं. मी मारला नाही. रिस्टार्टने कधीकधी दुखणं जातं, पण त्याबरोबर पुरावाही जातो, आणि तेच दुखणं पंधरा दिवसांनी परत आलं की हातात काही नसतं. आपल्याकडे एएमसी म्हणजे रिस्टार्ट आणि फॉरमॅट एवढंच राहिलंय, हे मी त्याच्या तोंडावरही बोललोय.

सर्व्हर बघितला. डीएचसीपी सर्व्हिस चालू, पाचही स्कोप (एकेका व्हीलॅनला वाटायच्या पत्त्यांची रेंज) हिरवे, निम्मे पत्तेसुद्धा वापरात नाहीत. काट्यावरच्या पीसीला हाताने स्टॅटिक, म्हणजे कायमचा ठरवलेला, आयपी देऊन बघितला, ईआरपी लगेच उघडलं. म्हणजे केबल, ट्रंक, राउटिंग, फायरवॉल सगळं बरोबर. काट्याला तोच आयपी ठेवून गाड्या सोडायला सांगितल्या आणि नीट बसलो.

विंडोजचा डीएचसीपी सर्व्हर रोजचा एक लॉग लिहितो, वाराच्या नावाने, म्हणजे मागच्या सात दिवसांचं सगळं त्यात सापडतं. फारसं कुणी उघडत नाही. त्यात प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नंबर असतो, १० म्हणजे नवीन आयपी दिला, ११ म्हणजे असलेल्याची मुदत वाढवली. मी ओळी चाळत गेलो. वायफायच्या रेंजमध्ये १० पण होते आणि ११ पण. ऑफिस, लॅब, शॉप फ्लोअर या तीन रेंजमध्ये फक्त ११. सात दिवसांत एकही १० नाही. जुन्याची मुदत वाढतेय, पण नवीन कुणालाच मिळत नाहीये. इथे पहिल्यांदा पोटात गोळा आला, कारण दिवाळीच्या दहा दिवस आधीच्या रविवारी मी स्वतः या तीन व्हीलॅनच्या स्विचवर एक बदल केला होता.

तो बदल सांगायच्या आधी हे चालतं कसं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवीन पीसीला सर्व्हर कुठाय माहीत नसतं, त्याच्याकडे स्वतःचा पत्ताही नसतो, म्हणून तो गल्लीत उभा राहून हाक मारतो, कुणी आयपी देता का. ही हाक म्हणजे डिस्कव्हर, ब्रॉडकास्ट. ब्रॉडकास्ट आपल्या व्हीलॅनच्या बाहेर जात नाही, आणि आमचा सर्व्हर तर वेगळ्या व्हीलॅनमध्ये. म्हणून कोअर स्विचवर, म्हणजे बाकीचे स्विच जिथे येऊन मिळतात त्या मुख्य स्विचवर, प्रत्येक व्हीलॅनच्या तोंडाशी रिले बसवलेला असतो, हेल्पर अ‍ॅड्रेस म्हणतात ते. तो गल्लीच्या कोपऱ्यावरच्या माणसासारखा, हाक ऐकतो, निरोपावर आपल्या गल्लीचं नाव लिहितो आणि थेट सर्व्हरकडे पोचवतो. पाकिटात या गल्लीच्या नावासाठी जीआयअ‍ॅडर नावाची जागा असते. ती बघूनच सर्व्हर ठरवतो की ऑफिसच्या स्कोपमधला पत्ता द्यायचा की लॅबच्या, आणि उत्तरही त्याच पत्त्यावर पाठवतो. इतकी साधी आणि सुंदर रचना आहे की मला आजही कुणाला शिकवताना मजा येते.

आता बदल. पावसाळ्यात पॅकिंग विभागात कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावला, मोबाईलला नेट मिळावं म्हणून. केबल लॅन पोर्टमध्ये, त्यामुळे तो राउटरही आयपी वाटायला लागला आणि अर्धा दिवस पॅकिंगचे पीसी १९२.१६८.० घेऊन भलत्याच गेटवेकडे (नेटवर्कबाहेर जायच्या दाराकडे) जात राहिले. परत असं होऊ नये म्हणून मी चौदा स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं. स्नूपिंगमध्ये फक्त वरच्या, कोअरकडे जाणाऱ्या पोर्टवर ट्रस्ट द्यायचा, बाकी कुठल्याही पोर्टवरून कुणी आयपीची ऑफर द्यायला लागला तर स्विच ती टाकून देतो. काम चोख झालं. रविवारी संध्याकाळी पाच-सहा पीसीवर जाऊन आयपीकॉन्फिग रिन्यू (आयपीची मुदत वाढवून मागायची कमांड) केलं, सगळीकडे आयपी आला, वहीत "टेस्ट ओके" लिहिलं आणि घरी गेलो.

लॉग बघितल्यावर त्या "टेस्ट ओके"वरचा विश्वास उडाला. वायरशार्क काढलं, नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर. आधी लॅबच्या पीसीवर, डिस्कव्हर बाहेर पडतोय, एक, दोन, तीन, चार वेळा. मग सर्व्हरवर, लॅबच्या गेटवेकडून एकही पॅकेट नाही. मग कोअरच्या ज्या पोर्टवर लॅबचा स्विच येतो तो पोर्ट मिरर करून, म्हणजे त्याच्यावरच्या पॅकेटची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घेऊन, लॅपटॉप लावला. डिस्कव्हर कोअरपर्यंत येतोय. पण पीसीवरून निघताना त्यात नव्हतं असं काहीतरी आता त्याच्या शेवटी चिकटलेलं होतं, ऑप्शन ८२.

आमच्या स्विचवर स्नूपिंग चालू केलं की न सांगता हेही चालू होतं. स्विच प्रत्येक हाकेला एक चिठ्ठी लावतो, ही कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टवरून आली त्याची. चिठ्ठी लावतो, पण जीआयअ‍ॅडर शून्यच ठेवतो, कारण तो रिले नाही. आता कोअरच्या बाजूने बघा. त्याच्याकडे निरोप येतो, गल्लीचं नाव कोरं, म्हणजे आपणच पहिले, आणि तरी आधीच कुणाची तरी चिठ्ठी चिकटलेली. ही चिठ्ठी लावली कुणी? २००१ च्या आरएफसी ३०४६ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या कागदात, स्पष्ट लिहिलंय, विश्वास नसलेल्या बाजूने असं पॅकेट आलं तर रिलेने ते टाकून द्यायचं. कोअरने नियमाप्रमाणेच टाकून दिलं. कुठलाही अलार्म नाही, स्क्रीनवर एक ओळ नाही. वायफायचे एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट) वेगळ्या स्विचवर, तिथे मी स्नूपिंग लावलेलंच नव्हतं, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

मग जुने पीसी दहा दिवस चालले कसे? आमची लीज, म्हणजे दिलेल्या आयपीची मुदत, आठ दिवसांची. निम्मी मुदत, म्हणजे चार दिवस झाले की पीसी मुदत वाढवून मागतो, आणि तेव्हा त्याला सर्व्हरचा पत्ता माहीत असतो, स्वतःचा आयपीही असतो, म्हणून तो हाक मारत नाही, थेट सर्व्हरला लिहितो. ते पॅकेट रिलेकडे जातच नाही, साधं राउट होऊन पोचतं. रोज सकाळी पीसी चालू होताना हाक मारतो, उत्तर येत नाही, पण लीज शिल्लक असली तर विंडोज गेटवेला पिंग करून बघतो, उत्तर आलं की जुनाच पत्ता पुढे वापरतो. म्हणजे सुट्टी लागली तेव्हा प्रत्येक पीसीकडे चार ते आठ दिवसांच्या मधली काहीतरी मुदत शिल्लक होती. सहा दिवस बंद राहिल्यावर ज्यांची संपली ते १६९ वर गेले, ज्यांची उरली ते चालले. अकाउंट्सच्या त्या टेबलावरचं कोडं सुटलं.

चिठ्ठी लावणं बंद करायची एक ओळ लॅबच्या स्विचवर मारली. लॅपटॉपवर समोर डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक, एकाखाली एक चारही ओळी आल्या. मग उरलेले तेरा स्विच. दहा वाजता सगळा प्लांट चालू, स्नूपिंग तसंच ठेवून.

पण मला दोन गोष्टी सुटत नाहीयेत. पहिली ती टेस्ट. रिन्यू ज्या रस्त्याने जातं तो रस्ता मी तोडलेलाच नव्हता. आधी रिलीज करून (असलेला आयपी सोडून देऊन) मग रिन्यू केलं असतं तर रविवारी संध्याकाळीच, पहिल्याच पीसीवर कळलं असतं. दुसरी गोष्ट जास्त टोचते. दिवाळीच्या आधी दोन तक्रारी आल्या होत्या. क्यूएच्या (क्वालिटी विभागाच्या) मॅडमनी लॅपटॉप ऑफिसमधून लॅबमध्ये नेला, तिथे आयपी येईना. स्टोअरचा लेबल प्रिंटर लाइट जाऊन आल्यावर नेटवर्कवर दिसेना. दोन्ही वेळा मी घाईत होतो, दोन्ही वेळा स्टॅटिक देऊन तक्रार बंद केली. प्रिंटरला तर पूलमधलाच, म्हणजे सर्व्हर वाटतो त्यातलाच, आयपी दिला होता, तो उद्या दुसऱ्या कुणाला गेला असता. ते दोन्ही स्टॅटिक आणि काट्याचा तिसरा, त्याच दुपारी काढले.

साहेबांनी व्हाय-व्हाय मागितलं. आमच्याकडे कास्टिंगमध्ये ब्लोहोल आला तरी पाच "का" लिहितात, तसंच. चार चौकटी सरळ भरल्या. पाचवीत लिहिलं, आधी आलेल्या दोन तक्रारींचं कारण न शोधता त्या बंद केल्या. साहेबांनी वाचलं, सही केली, आणि कागद परत देताना विचारलं, "सुट्टी सहाच्या ऐवजी तीन दिवसांची असती तर हे कधी कळलं असतं?"

मी हिशोब करून बघितला. तीन दिवसांत एकाही पीसीची मुदत संपली नसती.