पाडव्याचा बिल्ड आणि मॅकओएसचे अपग्रेड

१८ मार्च २०२४ रोजी, सोमवारी सकाळी, पुण्यातील आमच्या कार्यालयात एका प्रश्नाचा निकाल लावायचा होता : बिल्ड मशीनवरील, म्हणजे कोडपासून अ‍ॅपची तयार आवृत्ती (बिल्ड) बनवणाऱ्या मॅकवरील, मॅकओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) आता बदलायचे की थांबायचे? आम्ही एका सराफी पेढीचे अ‍ॅप सांभाळत होतो. सुवर्णसंचय योजनेचे हप्ते, सोन्याचा रोजचा भाव आणि दागिन्यांची आगाऊ नोंदणी असे सर्व व्यवहार त्यातून चालत आणि ९ एप्रिलच्या गुढीपाडव्याआधी त्याची नवी आवृत्ती ग्राहकांच्या फोनवर पोहोचणे भाग होते. पेढीचे व्यवस्थापक दर फोनच्या शेवटी “मॅडम, पाडव्याचं तेवढं सांभाळा” असे सांगत, आणि त्यांची काळजी रास्तच होती.

दुसऱ्या बाजूने आणखी एक तारीख जवळ येत होती. आयफोनच्या अ‍ॅपचा आम्ही चाचणीसाठी अ‍ॅपलकडे चढवलेला बिल्ड स्वीकारला गेला होता. मात्र सोबतच्या ईमेलमध्ये सूचना होती की हा बिल्ड आयओएस (आयफोनची सिस्टिम) १६.२च्या एसडीकेवर, म्हणजे अ‍ॅप बांधण्याच्या साधनसंचावर, केलेला आहे आणि २९ एप्रिलपासून आयओएस १७चे एसडीके, म्हणजेच ते ज्यात येते ते अ‍ॅपलचे अ‍ॅप बनवण्याचे सॉफ्टवेअर एक्सकोड १५, अनिवार्य होईल. मॉन्टेरे, व्हेंचुरा आणि सोनोमा या मॅकओएसच्या क्रमाने आलेल्या आवृत्त्या १२, १३ आणि १४. आमचे बिल्ड मशीन, एम१ चिपचा मॅक मिनी, मॉन्टेरेवर चालत होता आणि मॉन्टेरेवर एक्सकोड १४.२च्या पुढे जाता येत नाही. एक्सकोड १५.२साठी किमान व्हेंचुरा १३.५ लागते, तर त्याच महिन्यात आलेल्या १५.३साठी सोनोमा. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम बदलणे अटळ होते. प्रश्न कोणत्या आवृत्तीवर जायचे आणि पाडव्याआधी की नंतर, एवढाच होता.

माझ्या सहकाऱ्याचे मत सरळ सोनोमा १४.४वर जावे असे होते. आज व्हेंचुरा आणि काही महिन्यांनी पुन्हा सोनोमा असे दोनदा करण्यापेक्षा एकदाच त्रास सोसावा, हा त्याचा मुद्दा मला चुकीचा वाटत नव्हता. परंतु आदल्या शुक्रवारी, १५ मार्चला, जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा सांभाळणाऱ्या ऑरेकलने जाहीर केले होते की अ‍ॅपल सिलिकॉनच्या (अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपच्या, आमच्या एम१सारख्या) मॅकवर जावा वापरणाऱ्यांनी १४.४चे अपडेट लांबणीवर टाकण्याचा विचार करावा. ती सूचना मी दोनदा वाचली. जावाचे आभासी यंत्र चालता चालता स्वतःच यंत्रसंकेत तयार करते. त्या ओघात मेमरीच्या संरक्षित भागाला स्पर्श झाला, तर सिस्टिमकडून येणारा सिग्नल पकडून ते काम पुढे नेते, आणि हा बिघाड नसून त्याच्या नेहमीच्या कामकाजाचा भाग आहे. १४.४मध्ये काही परिस्थितीत पकडता येणाऱ्या त्या सिग्नलऐवजी प्रक्रिया थेट ठार केली जात होती. जावा ८पासून पुढच्या सर्व आवृत्त्यांना हा धोका होता आणि त्यावर तात्पुरता उपायही नव्हता.

आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपचा बिल्डही त्याच मॅक मिनीवर होत असे. तो बिल्ड करणारे साधन, ग्रेडल, जावावर चालते. आयओएसच्या सोयीसाठी केलेल्या बदलामुळे ऐन पाडव्याच्या तोंडावर अँड्रॉइडचा बिल्ड अर्ध्यात कोसळला असता, तर परतीची वाट फार लांबची होती, कारण मॅकओएसची जुनी आवृत्ती परत आणायची तर डिस्क पुसून, ती आवृत्ती नव्याने बसवून, बॅकअपमधून सर्व काही उभे करावे लागते. शिवाय सोनोमावर एक्सकोड १४ उघडतच नाही. व्हेंचुरावर मात्र १४.२ आणि १५.२ हे दोन्ही शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि संक्रमणाच्या काळात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटत होती.

सोनोमाविरुद्ध आणखी एक साधे कारण होते. आमच्या एका सहकाऱ्याचा २०१७चा मॅकबुक प्रो व्हेंचुराच्या पुढे जाऊच शकत नव्हता.

तरीही व्हेंचुरा थेट मुख्य व्हॉल्यूमवर (डिस्कच्या मुख्य विभागावर) बसवण्यास मी नकार दिला. डिस्क युटिलिटीतून त्याच एपीएफएस कंटेनरमध्ये (डिस्कवरील सामाईक जागेत) वेगळे व्हॉल्यूम जोडले आणि त्यावर व्हेंचुरा बसवले. अशा व्हॉल्यूमला जागा आधी वाटून द्यावी लागत नाही, त्यामुळे मॉन्टेरेला धक्का न लावता दोन्ही सिस्टिम एकाच मशीनवर राहिल्या. एक्सकोड १५.२, वेगळे डाउनलोड करावे लागणारे आयओएस १७चे सिम्युलेटर (संगणकावरचा आभासी आयफोन) आणि अ‍ॅपच्या डिजिटल स्वाक्षरीसाठी कीचेनमधून (मॅकच्या पासवर्ड-तिजोरीतून) पी१२ फाइलच्या रूपात नेलेली खासगी की, एवढी तयारी होईपर्यंत दुपार उलटली होती.

पहिला बिल्ड अपेक्षेप्रमाणे पडला. तयार कोडचे संच (पॉड) अ‍ॅपमध्ये जोडणाऱ्या कोकोपॉड्सची आमची आवृत्ती जुनी असल्याने टूलचेनच्या (बिल्डच्या साधनांच्या) फोल्डरचे जुने नाव नव्या एक्सकोडला चालेना; ते १.१३वर नेताच मिटले. त्यानंतर कोडचे तुकडे एकत्र जोडणारा लिंकर ‘लिबआर्कलाइट’ मिळत नसल्याची तक्रार करू लागला. ही फाइल एक्सकोड १४.३पासून काढून टाकलेली आहे आणि तिची गरज फक्त फार जुन्या आयओएससाठी बांधल्या जाणाऱ्या कोडला पडते. आमच्या एका पॉडने किमान आवृत्ती अजून आयओएस ८ अशी लिहून ठेवली होती. पॉडफाइलच्या (पॉडची यादी असलेल्या फाइलच्या) शेवटी सर्व पॉडसाठी किमान आवृत्ती १२ केली आणि बिल्ड तयार झाला. दुरुस्त्या लहान होत्या, पण त्या पाडव्याच्या आदल्या रात्री शोधाव्या लागल्या असत्या तर कोणाचेच डोके ठिकाणावर राहिले नसते.

संध्याकाळी निर्णय लिहून सर्वांना पाठवला. पाडव्याची आवृत्ती मॉन्टेरे आणि एक्सकोड १४.२वरच जाईल, कारण २९ एप्रिलपर्यंत तिला कोणतीही आडकाठी नाही. व्हेंचुराच्या व्हॉल्यूमवर रोज दोन्ही अ‍ॅपचा बिल्ड होत राहील. आणि पाडवा उलटताच मुख्य सिस्टिम व्हेंचुरावर नेली जाईल. सोनोमाचा आग्रह धरणाऱ्या सहकाऱ्याने आक्षेप नोंदवला, तोही मी त्याच टिपणात लिहिला.

२५ मार्चला १४.४.१ आले आणि जावाचा तो दोष दूर झाला. तेव्हा “आता जाऊया ना सोनोमावर?” असे विचारले गेले, आणि मी नाहीच म्हटले. नव्या आवृत्तीवर आमचा अनुभव शून्य होता, व्हेंचुरावर मात्र रोजचा बिल्ड नीट होत होता. पाडव्याची आवृत्ती वेळेत गेली आणि महिनाअखेरीच्या मुदतीआधी आम्ही एक्सकोड १५.२वर पहिला बिल्ड चढवला. सोनोमा पुढच्या वर्षी आलेच, कारण २४ एप्रिल २०२५पासून एक्सकोड १६ अनिवार्य झाले आणि त्याला सोनोमा १४.५ लागते. तो २०१७चा मॅकबुक प्रो आता चाचणीची कागदपत्रे लिहिण्यासाठी वापरला जातो.