सुईनंतर बीपी का उतरतो?

सिझरआधी कमरेत दिलेल्या भुलीच्या सुईनंतर बीपी का उतरतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सांगली-मिरजेत सिझरसाठी भूल देते. जवळजवळ प्रत्येक घरातून एकच प्रश्न येतो: "मॅडम, कमरेत सुई दिल्यावर बीपी उतरतो म्हणं. बाळाला काही होणार न्हाई न्हवं?"

उतरतो, हे खरं आहे. सुईतलं भुलीचं औषध जेमतेम दोन मिलिलिटर असतं, पण दुखणं नेणाऱ्या तंतूंबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणारे तंतूही ते बधिर करतं. वाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे साठतं, हृदयाकडे कमी परततं. त्यात उताणं झोपलं की भरलेली गर्भपिशवी मागच्या मोठ्या शिरेवर दाबते. म्हणून उजव्या कुल्ल्याखाली आम्ही चादरीची घडी सरकवतो. बाळाला पोसणाऱ्या वारेला जाणारं रक्त आईच्याच बीपीवर चालतं, त्यामुळे तुमची काळजी अगदी रास्त आहे.

पूर्वी आधी सलाईनची बाटली चढवायची आणि वाट बघायची. तेवढ्यानं भागत नाही. आता सुईबरोबरच सलाईन जोरात सोडतो आणि बीपी पडायची वाट न बघता फिनाइलएफ्रिन हे रक्तवाहिन्या आवळणारं औषध सुरू करतो. बीपीचा वरचा आकडा मूळच्या 90 टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं 2018 सालच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एकमतानं सांगितलं. या औषधानं नाडी मंदावते. फारच मंदावली तर मेफेन्टरमिन या बीपी वाढवणाऱ्या दुसऱ्या औषधाकडे वळते.

तासगावकडची एक पहिलटकरीण होती. सुईनंतर तिसऱ्या मिनिटाला तिनं जांभई दिली. ओठ पांढरे पडलेले, कपाळाला हात लावला तर गार घाम. "मळमळतंय का गं?" विचारलं, तेव्हा कुठं मान हलवली. दंडावरच्या बीपीच्या पट्ट्यानं, म्हणजे कफनं, दाखवलं 84. आधी 122 होता. औषध वाढवलं, मिनिटभरात ओठांवर रंग आला. मग म्हणाली, "आत्याबाईंनी सांगितलंय, डॉक्टरांना तरास द्यायचा न्हाई, गप पडायचं."

आत्याबाई, असं सांगून पाठवू नका हो. मळमळलं, गरगरलं, जीव घाबरा झाला तर लगेच बोल, एवढंच सांगा. मी तिच्या उशाशीच उभी असते. मिनिटामिनिटाला बीपी घेते, पण कफ फुगून आकडा येईपर्यंत वेळ जातो. तिला ते आधीच कळलेलं असतं.