दाबून वाजवायची गिटार

डिस्कोच्या गाण्यातली गिटार कुणी गुणगुणत नाही. गायिकेची ओळ गुणगुणतात, व्हायोलिनचे तुकडे गुणगुणतात, बास तर नकळत तोंडात बसतो. गिटार आपली मागं कुठंतरी 'चिक, चका-चिक' करत असते. आमच्या सांगलीत गणपतीच्या दिवसांत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहिलं तर ती सापडणारच नाही, तिथं फक्त बरगड्या वाजतात. तेच गाणं घरी येऊन मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर लावावं. बास गायब होतो, ढोल बारीक होतो आणि इतका वेळ लपलेली ती चिकचिक अचानक सगळ्यांच्या पुढं येऊन बसते. मग कळतं की पाय हलवायचं निम्मं काम हीच करत होती.

या आवाजाचा मोठा मानकरी नाइल रॉजर्स. बर्नार्ड एडवर्ड्स बासवर आणि हा गिटारवर, अशा जोडीनं 'शीक' नावाचा बँड चालवला. १९७७ सालच्या शेवटच्या रात्री न्यूयॉर्कच्या 'स्टुडिओ ५४' या क्लबमध्ये ग्रेस जोन्स या गायिकेनं दोघांना बोलावलेलं, पण दारावरच्या माणसानं आत सोडलं नाही. घरी परतून दोघांनी त्या दारवानाला शिव्या घालत एक तुकडा वाजवला. पुढं शिवी सोज्वळ करून त्याचं 'ल फ्रीक' झालं आणि १९७८ साली त्यावर जगभरची माणसं नाचली, त्या क्लबातलीसुद्धा. लग्नात पंगतीतून उठवलेल्या माणसानं पुढं त्याच हॉलमध्ये आचाऱ्याचं कंत्राट मिळवावं, इतकं ते समाधानकारक आहे.

पण ही रीत रॉजर्सच्या आधीची. १९६५ साली जेम्स ब्राउन या अमेरिकन गायकाकडे जिमी नोलेन नावाचा गिटारवादक आला आणि त्यानं कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, वाजवायचं सोडून ती खरवडायला सुरुवात केली. त्या वाजवण्याला पुढं 'चिकन स्क्रॅच' म्हणू लागले, कोंबडी उकिरडा उकरते तसं. फंक नावाच्या ठेकेबाज संगीताची गिटार तिथून निघाली आणि डिस्कोनं तिला इस्त्रीचे कपडे घातले.

ऐकायला हे सोपं वाटतं, कारण त्यात सुरांची करामत फारशी नाही. खरी गंमत हिशेबात आहे. डिस्कोची लय साधारण मिनिटाला १२० ठोके. चार ठोक्यांचं एक आवर्तन दोन सेकंदांत संपतं आणि त्याचे सोळा भाग पाडायचे. म्हणजे उजवा हात सेकंदाला आठ वेळा तारांवरून जायला हवा, चार खाली, चार वर. त्या सोळांपैकी वाजवायचे कधी पाच, कधी सहा. उरलेल्या वेळी हात थांबवायचा नाही. थांबला की पुढचा ठोका चुकतो. आजी सुपात ज्वारी पाखडायची तेव्हा तिचं मनगट असंच चालायचं, सुपात दाणे किती उरलेत याच्याशी त्या मनगटाचं देणंघेणं नसायचं. फंक शिकवणारे लोक पहिल्यांदा नवव्या सुराची कॉर्ड दाखवतात, ती झोकदार वाटते म्हणून. माझं मत उलटं आहे. पहिले काही आठवडे कॉर्ड धरूच नये. डावा हात तारांवर नुसता ठेवावा आणि उजव्यानं खरवडत राहावं, घरचे वैतागेपर्यंत.

आणि मग डावा हात. सगळं खरं त्याच्याकडे आहे. बोटांनी तारा फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, टेकवल्या की सूर येतो. बोटं उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा. तार फ्रेटपासून सुटते पण बोटाला चिकटून राहते, आणि आवाज जागच्या जागी मरतो. त्या अवस्थेत पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, मारली तर सूर नसलेला 'चक्' येतो. दाब, सोड, सोड, दाब. बाहेरून बघणाऱ्याला बोटं हलताना दिसतसुद्धा नाहीत. रॉजर्सनं सांगितलंय की हे 'चकिंग' त्याला एडवर्ड्सनं दाखवलं. बासवाल्यानं गिटारवाल्याला तार कधी गप्प करायची ते शिकवावं, हे मला फार पटतं. जागा कुठं मोकळी हवी ते त्यालाच माहीत असणार.

आता हा उद्योग मी करतो कुठं, तर मिरजेपासून बसनं अर्ध्या तासावर. महापालिका एकच, पण संगीताच्या बाबतीत मिरज हा वेगळा देश आहे. गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले, १९३७ साली ते गेल्यावर त्यांचं दफनही तिथल्या मीरासाहेब दर्ग्यात झालं. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या भोपळे कोरून तंबोरे आणि सतारी बनतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथली सगळी विद्या एकाच गोष्टीभोवती फिरते, तार जास्तीत जास्त वेळ बोलली पाहिजे. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा किंचित गोलवा ठेवून घासायचा, तार त्याला जेमतेम घासत राहते, खाली सुताचा धागा सरकवायचा, आणि छेडलेली तार मग मधमाश्यांसारखी गुणगुणत राहते. त्याला जवारी म्हणतात. ती काढणारा कारागीर कानसने दोन हात मारतो, ऐकतो, पुन्हा मारतो. घाई केली की घोडी वाया.

गिटारच्या नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा बसतात त्या पट्टीच्या, खाचा घट्ट झाल्या होत्या, म्हणून एकदा मी तिथल्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. परदेशी वाद्याला हात लावायला ते नाखूश होते, पण लावला, आणि काम असं केलं की तार रेशमासारखी सरकायला लागली. मग म्हणाले, "वाजवा बघू." मी वाजवलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आवाज चांगला येतोय की. मग मारताय कशाला त्याला?"

मी म्हटलं, "चाचा, हे असंच वाजवतात."

"आम्ही तार जगवायला घोडी घासत जन्म काढला. आणि तुम्ही मारायला शिकताय, तेसुद्धा पैसे घालून?"

आत बसलेला त्यांचा मुलगा तबला वाजवणारा. तो हसून म्हणाला, "अब्बा, ते बंद बोल आहेत. ति, ट, क. खुला बोल अधूनमधून एखादा." मला इतकी वर्षं जे समजावता आलं नव्हतं ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. तबल्यावर सगळेच बोल घुमवले तर तालाचं काय होईल, हे मिरजेत कुणाला सांगावं लागत नाही. चाचांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे. पैसे मात्र घेतले नाहीत.

हा आवाज यंत्रातून येतो, असा एक समज आहे. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे आणि प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे पेडल आहे, म्हणजे आवाज बदलणारी पायाखालची डबी. "मामा, तेवढा कंप्रेसर घेऊ की, मग येतंय बघा." त्याचं अगदीच चूक नाही. कंप्रेसर मोठे आवाज दाबतो आणि बारीक वर आणतो, त्यामुळं दाबलेल्या तारांचा तो 'चक्' खुल्या सुराच्या बरोबरीनं ऐकू येतो. पण त्याच न्यायानं तो आपल्या सगळ्या चुकाही बरोबरीनं ऐकवतो, शिवाय खोलीतल्या ट्यूबलाइटची घरघर. सिंगल कॉइल पिकअपचं हे जुनं दुखणं आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार, तिला गिटारची तार काय आणि विजेची तार काय, दोन्ही सारख्याच. तरीही या कामाला सिंगल कॉइलच लागतो, कारण त्याचा आवाज पातळ, काचेसारखा आणि टोकदार. जाड पिकअपवर 'चक्' ऐवजी 'धब्' होतं.

म्हणून फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार. ती १९५४ साली आली, तीन पिकअप आणि तीनच जागांचा स्विच घेऊन. लोकांच्या लक्षात आलं की स्विच दोन जागांच्या मध्ये अलगद अडकवला तर दोन पिकअप एकत्र बोलतात आणि आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा होतो. वादक तो खटका अधांतरी अडकवून वाजवायचे आणि तो घसरला की चडफडायचे. कंपनीनं पाच जागांचा स्विच द्यायला १९७७ साल उजाडलं, म्हणजे डिस्को भरात आल्यावर. रॉजर्सचीही गिटार स्ट्रॅटच, १९६० चं धड आणि १९५९ ची मान, मायामी बीचवर मिळालेली जुनी वस्तू. तिला 'हिटमेकर' म्हणतात. ती बऱ्याचदा ॲम्पशिवाय, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या डब्याशिवाय, थेट मिक्सिंगच्या टेबलात लावून रेकॉर्ड झाली आहे. हे सांगितल्यावर भाच्याचा चेहरा पडला. तो ॲम्प बघून ठेवून बसला होता.

बाकी सगळी काढाकाढ आहे. गेन, म्हणजे आवाज फाटवणारी कळ, काढायचा. बेसची कळ खाली. गिटारची सगळ्यांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते आणि तिथं आधीच बास गिटार व ढोल बसलेले असतात, म्हणून खालच्या जाड तारा शक्यतो वाजवायच्याच नाहीत. वरच्या तीन-चार तारांवर कॉर्डचा तुकडा तेवढा धरायचा. ऑर्केस्ट्रात वाढलेल्या माणसाला हे जमत नाही. त्याला सहाच्या सहा तारा झणाणल्याशिवाय मानधन हलाल झाल्यासारखं वाटत नाही. पिक पातळ हवी, तारा बारीक आणि नव्या. आमच्याकडे मे महिन्यात घामानं तारा लवकर बसतात आणि चकाकी गेली की कुठलंही पेडल ती परत आणत नाही. हा एवढा एक खर्च मी भाच्याला विनातक्रार करू देतो.

मध्यंतरी विश्रामबागेत नात्यातल्या एका लग्नात आम्हाला रिसेप्शनला वाजवायला बसवलं. भाचा बासवर. हॉलचा साउंडवाला पोरगा उत्साही होता. आम्ही बसायच्या आत त्यानं गिटारला इको लावला होता, बेस वर केला होता आणि एक असा काही घुमारा दिला होता की एक 'चिक' मारली की तिची वरात निघत होती. मी त्याला बाजूला घेतलं.

"दादा, इको काढ. बेस काढ. आवाज थोडा खाली घे."

त्यानं माझ्याकडे, मग गिटारकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "काका, मग राहतंय काय?"

मी त्याला वाजवून दाखवलं. स्टेजवर नवरा-नवरीबरोबर फोटोसाठी रांग लागली होती, आईस्क्रीमच्या काउंटरवर गर्दी होती, कुणाचंही लक्ष नव्हतं. तो पोरगा मात्र मिक्सरवर एक बोट ठेवून, मान कलती करून ऐकत राहिला. मग त्यानं बेस काढला, आवाज खाली घेतला. इकोची कळ अर्ध्यावर आणून तिथंच सोडली.

"एवढा राहू दे, काका," म्हणाला. "लग्नघर आहे."